पडद्यावरचा आकडा आणि बोर्डाचं तापमान

ओव्हनच्या काचेवर टॉर्च धरून आत बघत बसणं, हे आमच्या कामातलं माझं सगळ्यात आवडतं काम. बोर्डावर सोल्डर पेस्टचे करडे ठिपके असतात आणि त्यांवर चिमट्याने ठेवलेले, मोहरीएवढे रेझिस्टर. ओव्हन तापू लागला की पेस्टमधला फ्लक्स पाझरतो, ठिपके ओलसर दिसू लागतात, आणि मग बराच वेळ काहीच घडत नाही. अचानक एका कोपऱ्यातला ठिपका आरशासारखा चमकतो. पाठोपाठ दुसरा, तिसरा. थोडा तिरका बसलेला रेझिस्टर कुणी हात न लावता सरळ होतो आणि आपल्या जागेवर जाऊन बसतो, कारण वितळलेल्या कथलाचा पृष्ठताण त्याला ओढून घेतो. हे सगळं पाच-सहा मिनिटांत उरकतं. ही पुस्तिका त्या पाच-सहा मिनिटांविषयी आहे.

कुपवाडच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही शेतपंपाच्या मोबाइल स्टार्टरचे बोर्ड बनवतो. महिन्याला काही शे. आठ-दहा झोनचा, पट्ट्यावरून बोर्ड सरकत नेणारा मोठा रिफ्लो ओव्हन आमच्या ऐपतीतला नाही आणि एवढ्या कामाला तो लागतही नाही. म्हणून आम्ही बाजारातला साधा ओटीजी घेतला, त्याचा मूळ थर्मोस्टॅट काढून टाकला आणि त्यावर विकतचा कंट्रोलर बसवला. असे ओव्हन आज पुण्यात, नाशिकमध्ये, कोल्हापुरात, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आणि कित्येक घरांच्या गच्चीवरल्या खोल्यांत चालू आहेत. त्यांच्यासाठी मराठीत लिहिलेलं काही मला सापडलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

तापमान दहा अंश इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं, असं विचारणारे भेटतात. आपल्याकडे शेतीची वीज पाळीपाळीने येते आणि बऱ्याच गावांत ती पाळी रात्रीची असते. मोबाइल स्टार्टर चालला तर शेतकरी अंथरुणातून फोन लावून मोटर सुरू करतो. त्यातला एक सांधा ड्राय सोल्डर राहिला, तर तोच माणूस रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसातून विहिरीकडे जातो. ड्राय सोल्डर टेबलावर दिसत नाही. तो चार महिन्यांनी, पावसाची ओल आणि मोटरची थरथर लागल्यावर उघडा पडतो. आपल्या हातून गेलेल्या दहा अंशांचा हिशेब तिथे होतो.

आता ज्या प्रसंगाने मला हा विषय मुळापासून शिकायला लावला, तो सांगतो. जानेवारीत आमचा ओव्हन उत्तम चालत होता. बोर्डाच्या एका वाया गेलेल्या तुकड्यावर थर्मोकपल घट्ट बसवलेलं, कंट्रोलरवर शिशाच्या पेस्टसाठी कमाल २१५ अंश लावलेले, सांधे चकचकीत. मे महिन्यात त्याच ओव्हनमधून, त्याच सेटिंगवर निघालेले ४० बोर्ड वाया गेले. हिरवा बोर्ड तपकिरी झाला, कनेक्टरचं प्लॅस्टिक वाकलं, कॅपॅसिटरवरची वेष्टनं आक्रसली. पडद्यावर मात्र २१५च दिसत होते. मी तीन आठवडे पीआयडीचे, म्हणजे कंट्रोलरने वीज किती सोडायची ते ठरवणारे, आकडे बदलत राहिलो. दोष सापडला तो बोर्ड भरणाऱ्या ताईंना. त्या रोज माझ्याआधी टॉर्च घेऊन काचेपाशी उभ्या असत. त्या म्हणाल्या, "दादा, थंडीत ह्ये पावणेदोनशेला चमकायचं. आता दीडशेलाच चमकाय लागलंय बगा."

कथील ६३ आणि शिसं ३७ टक्के असलेली पेस्ट १८३ अंशांना वितळते. ऋतू कोणताही असो, मालक कोणीही असो, ती १८३लाच वितळते. मग पडद्यावर १४९ दिसत असतील तर चूक पडद्याची. तीन आठवडे मी नियंत्रण सुधारत होतो आणि बिघाड मोजमापात होता.

झालं होतं ते असं. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडलेल्या. १८२१ साली थॉमस सीबेकला आढळलेल्या परिणामामुळे, तारांच्या दोन टोकांच्या तापमानात फरक असला की त्यांत बारीकसा विद्युतदाब तयार होतो. आपण वापरतो त्या के प्रकारात तो अंशामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट असतो. महत्त्वाचा शब्द आहे फरक. थर्मोकपल गरम टोकाचं तापमान सांगत नाही. गरम टोक आणि कंट्रोलरच्या टर्मिनलवरचं थंड टोक यांतलं अंतर सांगतं. त्या अंतरात थंड टोकाचं तापमान मिळवलं की खरा आकडा मिळतो. आमच्या कंट्रोलरमध्ये थंड टोक मोजायची सोयच नव्हती. ते कायम २० अंश आहे असं धरलेलं होतं. जानेवारीत ते २८च्या आसपास राहायचं, म्हणजे चूक आठ अंशांची आणि खपून जाणारी. मे महिन्यात शेडच ४० अंशांचं, त्यात टर्मिनल ओव्हनच्या तापलेल्या पाठीला लागून. थंड टोक ५४वर पोचलं. पडदा ३४ अंश कमी दाखवू लागला, आणि २१५ गाठायच्या नादात ओव्हनने बोर्ड २५०च्या घरात नेले. दिवसातला तिसरा घाणा पहिल्यापेक्षा जास्त का जळायचा, हेही तेव्हाच कळलं. पाठीमागची पेटी प्रत्येक घाण्यागणिक तापत जायची.

ही चूक आमच्या एकट्याची नव्हती, हे पुढे समजलं. टी-९६२ या नावाने जगभर विकल्या गेलेल्या छोट्या इन्फ्रारेड ओव्हनच्या मूळ फर्मवेअरमध्येही थंड टोक २० अंशांवर गृहीत धरलेलं आहे. वापरणाऱ्यांनीच त्यावर मोफत, मुक्त फर्मवेअर लिहिलं. त्याची मुख्य दुरुस्ती इतकीच आहे की थर्मोकपलच्या टर्मिनलला चिकटवून डीएस१८बी२० हा छोटा सेन्सर बसवायचा आणि थंड टोकाचं तापमान खरोखर मोजायचं. एक सेन्सर, एक ४.७ किलोओमचा रेझिस्टर. त्याच ओव्हनमध्ये उष्णतारोधक थराला साधा मास्किंग टेप लावलेला असतो. तो तापून वास मारतो, म्हणून तो काढून उष्णता सोसणारा टेप लावायचा, आणि रंगाच्या थरामुळे नीट न बसलेलं अर्थिंग पत्रा खरवडून पक्कं करायचं, हेही त्या लोकांनी शोधून लिहून ठेवलं. अनोळखी माणसांनी एकमेकांसाठी केलेल्या या कामाबद्दल मला फार आदर आहे आणि या पुस्तिकेतलं बरंच काही त्यांच्याकडून शिकलेलं आहे.

नव्याने ओव्हन बांधणाऱ्याने मॅक्स ३१८५५सारखी चिप घ्यावी. ती थर्मोकपलचा दाब मोजते आणि स्वतःच्या पोटातल्या सेन्सरने थंड टोकही मोजते. पण ती मोजते ते स्वतःचं तापमान. चिप एकीकडे आणि तारांचं टोक दुसरीकडे असेल, किंवा चिपला खेटून एखादा गरम रेग्युलेटर बसवला असेल, तर जुनी चूक नव्या कपड्यांत परत येते. तार अपुरी पडली म्हणून मध्ये साधी तांब्याची वायर जोडणं हीसुद्धा तीच चूक: जिथे तांबं सुरू झालं तिथे थंड टोक सरकलं. रंगांकडेही नीट बघावं. अमेरिकी पद्धतीच्या के थर्मोकपलमध्ये पिवळी तार धन आणि लाल ऋण असते. आपला हात सवयीने लाल तार धनाला लावतो. तसं झालं की ओव्हन तापत असताना आकडा उतरू लागतो, कंट्रोलर आणखी वीज सोडतो, आणि पुढचं लिहायची गरज नाही.

थंड टोक सुधारलं, की दुसरा प्रश्न उरतो. थर्मोकपलचा मणी कशाला टेकला आहे? मी पाहिलेल्या बहुतेक छोट्या ओव्हनांत तो हवेत लोंबत असतो. तापमान चढत असताना हवा बोर्डाच्या पुढे धावते. जाड तांब्याचा, मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा बोर्ड मागे रेंगाळतो. पडदा २१५ म्हणतो तेव्हा बोर्ड १९०वर असू शकतो, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पायाखालची पेस्ट नीट वितळलेलीही नसते. उलट चकचकीत पोलादी नळीत बंद असलेला जाड प्रोब घेतला, तर तो स्वतःच तापायला इतका वेळ लावतो की बोर्ड त्याच्या पुढे निघून जातो. बारीक तारेचं, उघड्या मण्याचं थर्मोकपल घ्यावं, आणि त्याचा मणी वाया गेलेल्या एका बोर्डाच्या पॅडला उच्च तापमानाच्या सोल्डरने किंवा ॲल्युमिनियमच्या टेपने पक्का बांधावा. पिवळ्या कॅप्टॉन टेपवर एकट्यावर विसंबू नये. तापला की त्याची पकड सुटते आणि मणी केसभर उचलला जातो. केसभर पुरे असतं.

लहानपणी गल्लीत येणारा कल्हईवाला मला इथे नेहमी आठवतो. तो वापरायचा तेही कथीलच, २३२ अंशांना वितळणारं. भात्याने निखारे फुलवून भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा. नवसागराचं काम आपल्या फ्लक्सचंच: धातूवरची काळपट पुटं काढून कथलाला जागा करून देणं. मग तो कथलाची कांडी भांड्याला टेकवून बघायचा. ती ओघळली नाही तर भाता पुन्हा सुरू. निखारा किती लाल आहे हे तो बघत नसे. भांडं किती तापलं आहे, हे भांड्यालाच विचारत असे.

मोजमाप इथवर आलं की मग नियंत्रण. ओटीजीचा मूळ थर्मोस्टॅट हा दोन धातूंच्या पट्टीचा, चालू किंवा बंद एवढंच जाणणारा. त्याचा आकडा वीस-तीस अंश सहज वरखाली होतो. केकला ते चालतं. विजेच्या शेगडीवर दूध तापवलेलं असेल त्याला यातली मेख लगेच कळेल. गॅस बंद केला की आच गेली. शेगडी मात्र बटण बंद केल्यावरही लाल राहते आणि दूध उतू जायचं ते जातंच. ओटीजीच्या हीटरच्या नळ्या तशाच आहेत. आमच्याकडे वीज तोडल्यानंतरही आकडा सुमारे २५ सेकंद चढत राहतो. म्हणून आत्ता किती फरक आहे, किती वेळ फरक साचला आहे आणि आकडा किती वेगाने धावतो आहे, या तिन्हींचा मेळ घालून वीज सोडावी लागते. पीआयडी म्हणतात ते हेच. त्याचं गणित निकोलस मिनॉर्स्की या अभियंत्याने १९२२ साली मांडलं, तेही ओव्हनसाठी नव्हे, जहाजाच्या सुकाणूसाठी. अनुभवी सुकाणूवाला नुसता दिशेतला फरक बघत नाही, जहाज किती वेगाने वळत आहे हेही बघतो आणि आधीच हात आवरता घेतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. ते आकडे ठरवायची झीगलर आणि निकोल्स यांची १९४२ची रीत अजून शिकवली जाते. ती रीत आकडा एकदा ओलांडून मागे येणं गृहीत धरते. बोर्डाला ते परवडत नाही, म्हणून पुस्तिकेत मी तिच्यापासून सुरुवात केली आहे पण तिथे थांबलेलो नाही.

पीआयडीतल्या दुसऱ्या घटकाबद्दल, म्हणजे साचणाऱ्या फरकाबद्दल, एक सूचना आत्ताच करून ठेवतो, कारण बहुतेकांचा ओव्हन इथेच घसरतो. सुरुवातीला हीटर पूर्ण क्षमतेने चालूनही ओव्हन हव्या त्या वेगाने चढत नसतो. तेवढा वेळ फरक साचतच जातो. पुढे लक्ष्य गाठल्यावरही तो साठा संपेपर्यंत कंट्रोलर वीज सोडत राहतो आणि आकडा वीस अंश पुढे निघून जातो. हीटर पूर्ण चालू असताना हा साठा वाढू देऊ नये. प्रोग्रॅममध्ये ही एक ओळ आहे. आमच्या ओव्हनला तिने जेवढा फायदा दिला तेवढा तीन आठवड्यांच्या आकडेमोडीने दिला नव्हता.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. हीटरची शक्ती विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १६०० वॅट देणारा हीटर २०५ व्होल्टला जेमतेम १२७० वॅट देतो. एमआयडीसीत शेजारच्या वर्कशॉपची यंत्रं सुरू झाली की आमचा दाब उतरतो, संध्याकाळी पुन्हा चढतो. सकाळी जमवलेले पीआयडीचे आकडे दुपारी बिनसतात आणि माणूस स्वतःवर शंका घेऊ लागतो. दाब मोजून त्या प्रमाणात वीज सोडायचा वेळ कमीजास्त केला, की ओव्हनला दुपार आणि संध्याकाळ सारखीच. हे काम अवघड नाही, त्याला मी एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. विदेशी पुस्तकांत याचा उल्लेख क्वचित दिसतो, पण आपल्या वस्तीत हे प्रकरण गाळून चालणार नाही.

वीज सोडणाऱ्या एसएसआरबद्दल, म्हणजे सॉलिड स्टेट रिलेबद्दल, थोडं. ५० हर्ट्झच्या विजेत सेकंदाला १०० अर्धलाटा असतात. शून्यावर चालू-बंद होणारा एसएसआर त्यांतल्या हव्या तेवढ्या आत सोडतो, म्हणून एक-दोन सेकंदांच्या टप्प्यात शक्ती हवी तशी वाटता येते. तो स्वतः तापतो, त्याला हीटसिंक हवाच. आणि तो बिघडला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन, म्हणजे कायमचा चालू होऊन बिघडतो. त्या क्षणी प्रोग्रॅम कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून ओव्हनच्या अंगावर थर्मल फ्यूज आणि मुख्य लाइनवर वेगळा कॉन्टॅक्टर, या दोन गोष्टींवाचून ओव्हन चालू करू नये. एकदा पेस्ट शिरलेला ओटीजी पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये, कितीही घासला तरी. त्यात शिसं आहे. आमच्या ओव्हनवर लाल रंगाने तसं लिहिलेलं आहे.

तापमानाचा आलेख कोणता ठेवावा, यावर वाद फार होतात. शिशाविरहित पेस्ट, म्हणजे कथलात ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं, २१७ अंशांना वितळू लागते. युरोपच्या रोह्स निर्बंधांनंतर, १ जुलै २००६पासून, ती जगभर पसरली. तिच्यासाठी जे-एसटीडी-०२० या मानकातले आकडे लोक कित्त्यासारखे गिरवतात: १५० ते २०० अंशांत ६० ते १२० सेकंद, २१७च्या वर ६० ते १५० सेकंद, चढण सेकंदाला ३ अंशांहून जास्त नाही, उतरण ६हून जास्त नाही. माझं मत स्पष्ट आहे. तो कित्ता नव्हे, घटकाने किती ताप सोसला पाहिजे याची ती मर्यादा आहे. कित्ता पेस्ट बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात असतो आणि तो बहुधा याहून सौम्य असतो. छोटा ओव्हन सेकंदाला एक अंशाने चढला तरी सांधा चांगला होतो. फक्त फ्लक्स आधीच संपून जाणार नाही, एवढं बघावं. १३८ अंशांना वितळणारी बिस्मथची पेस्टही आता मिळते. ती छोट्या ओव्हनला सोपी जाते, पण तिचा सांधा ठिसूळ असतो. मोटरच्या थरथरीशेजारी राहणाऱ्या बोर्डावर मी ती वापरत नाही.

ओव्हनच्या आत सगळीकडे तापमान सारखं नसतं, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. आमच्याकडे दाराकडची बाजू मागच्या भिंतीपेक्षा १२ अंशांनी थंड निघाली. इन्फ्रारेड उष्णता काळ्या आयसीत जास्त मुरते, चकचकीत धातूवरून परतते, उंच घटकाच्या सावलीत पोचतच नाही. छोट्या चिप कॅपॅसिटरचं एक टोक दुसऱ्याआधी वितळलं, की तो थडग्याच्या दगडासारखा उभा राहतो. आत हवा फिरवणारा पंखा, सेरॅमिक वूलचं अस्तर आणि दाराची फट बुजवणं, यांनी आमचा फरक १२वरून ४वर आला. त्यातलं एकही काम प्रोग्रॅममधलं नाही. पुस्तिकेचा मधला भाग या कामांसाठी आहे. तो पत्रा, स्क्रू आणि कात्री हाताशी ठेवूनच वाचावा.

या पुस्तिकेत व्हेपर फेजचा विचार केलेला नाही, याची थोडी खंत आहे. त्या पद्धतीत २३० अंशांना उकळणाऱ्या द्रवाच्या वाफेत बोर्ड सोडतात. वाफेच्या वर तापमान जाऊच शकत नाही, म्हणून नियंत्रण द्रव स्वतःच करतो. रीत फार सुंदर आहे. द्रवाची किंमत मात्र आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर आहे.

पहिल्या प्रकरणाकडे जाण्याआधी वाचकाने एक प्रयोग करावा, अशी माझी विनंती आहे. ६३/३७ची सोल्डर वायर घ्या; ६०/४०ची नको, कारण ती १८३ ते साधारण १९० अंशांच्या दरम्यान हळूहळू वितळते आणि क्षण पकडता येत नाही. तांदळाएवढा तुकडा कापा, फ्लक्समध्ये बुडवा आणि वाया गेलेल्या बोर्डावर थर्मोकपलच्या मण्याशेजारच्या पॅडवर ठेवा. ओव्हन १७०पर्यंत न्या आणि तिथून पुढे दोन सेकंदांना एक अंश इतक्या सावकाश चढवा. काचेवर टॉर्च धरा. एकाने तुकडा बघायचा, दुसऱ्याने पडदा. तुकडा गोळा होऊन पॅडवर पसरला की बघणाऱ्याने "आता" म्हणायचं, आणि त्या क्षणीचा आकडा ओव्हनच्या अंगावर तारखेसह पेनने लिहून ठेवायचा. आमच्या ओव्हनवर असे १९ आकडे लिहिलेले आहेत, मे महिन्यातल्या १४९पासून. बहुतेक आकडे ताईंच्या अक्षरातले आहेत. शेवटचा १८२ आहे.